गच्चीवरची खोली, बाजूचं शेड आणि उरलेले एकवीस दिवस

पत्राचा सारांश: नाशिकच्या इंदिरानगर भागातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. २००४ साली घेतलेलं रो-हाउस. प्लॉट १२६ चौरस मीटर, समोर साडेसात मीटरचा कॉलनी रस्ता. मंजूर नकाशात तळमजला ६२ आणि पहिला मजला ४८ चौरस मीटर, पूर्णत्वाचा दाखलाही आहे. २०१३ मध्ये त्यांनी गच्चीवर स्लॅबची एक खोली बांधली, बाथरूमसह २८ चौरस मीटर. त्याच वेळी पुढची पाच चौरस मीटरची बाल्कनी काचा लावून बंद केली. डाव्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात चार इंची भिंत घालून वर पत्रा टाकला. तिथे आता धुणं-भांडी आणि गॅसचा दुसरा ओटा आहे. नऊ दिवसांपूर्वी महापालिकेची नोटीस आली: एमआरटीपी कायदा (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम), कलम ५३, मुदत ३० दिवस. त्या लिहितात, "घरपट्टी आम्ही नियमित भरतो. गल्लीत सगळ्यांनीच वाढीव बांधकाम केलंय, मग आम्हालाच का? डावीकडच्या शेजाऱ्यांनी तक्रार केली असणार. पंधराशे फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही असंही ऐकलंय. एक एजंट 'मिटवून देतो' म्हणतो. मुलाला तर गच्चीवरची खोली वाढवून पूर्ण मजला करायचा आहे. शेजाऱ्यांना तक्रार मागे घ्यायला लावावी, एजंटाला पैसे द्यावेत की सगळं पाडून मोकळं व्हावं?"

उत्तर:

ताई, तुम्ही विचारलेल्या तिन्ही वाटा बाजूला ठेवा आणि आधी नोटीस हातात घ्या. तिच्यात चार गोष्टी बघायच्या: कलम कोणतं, मुदत किती, बांधकामाचं वर्णन काय आणि मापं कोणती लिहिलीत. तुमची कलम ५३ ची आहे आणि तीस दिवसांची आहे, हे तुमचं नशीब. मंजूर नकाशाबाहेर गेलेल्या कामाला किमान महिन्याची मुदत मिळते. मुळात परवानगीच न घेता केलेल्या कामाला याच कलमात २४ तासांची नोटीसही आहे. काहींना महापालिका अधिनियमाच्या कलम २६० ची नोटीस येते, ती कारणे दाखवा स्वरूपाची असते आणि तिला लेखी उत्तर द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी बंधनकारक केली आहे. रस्ता, फुटपाथ, नदीकाठ अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला मात्र ते संरक्षण नाही.

तुमच्या हातात आता एकवीस दिवस आहेत. कलम ५३ च्याच पोटकलम ३ प्रमाणे नोटिशीच्या मुदतीत बांधकाम 'ठेवण्याची परवानगी' मागणारा अर्ज कलम ४४ खाली करता येतो, आणि तो केला की त्याचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. बाविसाव्या दिवशी केलेल्या अर्जाला ही ढाल मिळत नाही. लोक नेमके हेच दिवस नगरसेवकाच्या मागे फिरण्यात घालवतात.

आता तुमच्या मनातल्या काही गोष्टी.

घरपट्टी हा कर आहे, परवानगी नव्हे. महापालिका अनधिकृत बांधकामावरही घरपट्टी लावते, उलट अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली दुप्पट शास्ती लावू शकते, आणि ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही असं तिथेच म्हटलंय. वर्षं उलटली म्हणूनही काही पक्कं होत नाही. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्वच्छ सांगितलं आहे. ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या बांधकामांसाठी एमआरटीपी कायद्याच्या कलम ५२-अ खाली तडजोडीची, म्हणजे शुल्क भरून बांधकाम नियमित करून घ्यायची, एक संधी आली होती, तुमची २०१३ ची खोली तिच्यात तारखेने बसत होती. पण ती त्या मुदतीत अर्ज केलेल्यांसाठी होती.

"सगळ्यांनीच केलंय" हा मुद्दा उत्तरात लिहू नका. दुसऱ्याचं बेकायदा काम दाखवून आपलं कायदेशीर ठरवता येत नाही, हे न्यायालयांनी कितीदा सांगितलंय. शिवाय त्याचा एकच परिणाम होतो: गल्लीत आणखी वीस नोटिसा येतात आणि मग पाण्याचा टँकर मागवायलाही कुणी मदतीला येत नाही.

शेजाऱ्यांचं म्हणाल, तर तक्रार कुणी केली याने आता फरक पडत नाही. तक्रारदाराने कागद मागे घेतला तरी नोटीस मागे जात नाही, कारण ती महापालिकेची आहे. तरी त्यांच्याशी बोला, दुसऱ्या कारणासाठी. तुमच्या पत्र्याचं पावसाचं पाणी कुठे पडतं ते एकदा बघा. अशा शेडचा उतार बहुतेक वेळा कंपाउंडकडे असतो, पन्हळ लावलेली नसते, आणि पत्र्याचे अँगल शेजाऱ्याच्या भिंतीत ठोकलेले असतात. त्यांच्या भिंतीला ओल आली असेल तर त्यांचा राग तुमच्या गच्चीवर नसून त्या पत्र्यावर आहे.

पंधराशे फुटांची गोष्ट अर्धी खरी आहे. डिसेंबर २०२० पासून नाशिकला एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर वेगळ्या परवानगीपत्राची वाट बघावी लागत नाही. पण आर्किटेक्टने नियमात बसणारा नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचं आणि मग त्या पावतीला परवानगी मानायचं, अशी ती सवलत आहे. बांधून झाल्यावर दहा वर्षांनी तिची आठवण काढून चालत नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही "वाढीव बांधकाम" असा एकच शब्द वापरता, नोटिसही तोच वापरते. पण तुमच्या घरात तीन वेगळी कामं आहेत आणि तिघांचं भवितव्य वेगळं आहे. प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारायचे: एफएसआयमध्ये (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं त्या मर्यादेत) बसतं का, आणि सामासिक अंतर (घराभोवती नियमाने मोकळी ठेवायची जागा) सोडून आहे का? दोन्हीकडे 'हो' असेल तर ते नियमित होऊ शकतं. एकीकडे जरी 'नाही' आलं तर पैसे मोजूनही सहसा होत नाही.

हिशेब करू. महापालिका हद्दीत नऊ मीटरपेक्षा कमी रुंद रस्त्यावर मूळ एफएसआय १.१० मिळतो, प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा जादा) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) तिथे मिळत नाहीत, ते नऊ मीटरपासून पुढे. म्हणजे १२६ गुणिले १.१०, तुमचं मूळ क्षेत्र १३८.६ चौरस मीटर. त्यावर निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत अँसिलरी, म्हणजे पूरक, क्षेत्र प्रीमियम भरून मिळतं. हे अँसिलरी प्रकरण का आलं ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. पूर्वी बाल्कनी, जिना, कपाटं एफएसआयबाहेर धरायची आणि प्रत्यक्षात ती खोलीत ओढून घ्यायची, असा रिवाज होता. २०१५-१६ च्या सुमाराला कपाटांवरून पूर्णत्वाचे दाखले अडकले, आणि सगळ्यात जास्त अडकले ते सहा आणि साडेसात मीटर रस्त्यावरचे, कारण तिथे टीडीआर आणून भर घालायची सोय नव्हती. आता पी-लाइनच्या (बांधकामाच्या बाहेरच्या कडेची रेषा) आतलं सगळं मोजायचं, बाल्कनी-जिना-कपाटासकट, आणि त्याची भरपाई म्हणून अँसिलरी.

जुन्या मंजुरीच्या घराचा हिशेब दोन प्रकारे मांडला जातो. कडक पद्धत अशी: मंजूर ११० तसेच धरा, उरले २८.६, त्यावर ६० टक्के म्हणजे एकूण ४५.७६ चौरस मीटर शिल्लक. सैल पद्धतीत पूर्ण प्लॉटवर १३८.६ आणि ६० टक्के, म्हणजे २२१.७६; त्यातून आजचं सगळं बांधकाम वजा करा. पूर्वी न मोजलेली बाल्कनी-जिन्याची जागा २४ चौरस मीटर धरली, तर ११० अधिक २४ अधिक २८, असे १६२ वजा जाऊन ५९.७६ उरतात. घरी बसून अंदाज घ्यायचा तर कायम कडक पद्धतीने घ्यावा, म्हणजे पुढे धक्का बसत नाही. गच्चीची खोली २८ आणि बंद बाल्कनी ५ मिळून ३३, ४५.७६ मध्ये बसतात.

पण तुमचे २८ कसे मोजलेत? बहुतेक लोक टेप आतून लावतात. सात बाय चार मीटरची खोली आतून २८ भरते, तीच नऊ इंची भिंतींसह बाहेरून ७.४६ बाय ४.४६, म्हणजे ३३.२७ होते. एफएसआय बाहेरून मोजतात. तुमच्या बाबतीत बाल्कनी धरून ३८.२७ झाले तरी चालतंय. काठावर असलेल्यांचा प्रस्ताव इथेच पडतो. नोटिशीतलं माप तुमच्या मापाशी जुळत नसेल, तर तेही उत्तरात लिहा.

शेडचं गणित वेगळं. एफएसआयमध्ये तेही बसेल, पण ते बाजूच्या सामासिक अंतरात उभं आहे. ती पट्टी तुमच्या मालकीची असली तरी ड्रेनेजचे चेंबर, स्वयंपाकघराच्या खिडकीचा उजेड-वारा आणि वेळ आली तर आत-बाहेर करायला मोकळी ठेवलेली असते. तुमच्या वर्णनावरून स्वयंपाकघराची खिडकी त्या पत्र्याखाली उघडते आणि तिथेच गॅसचा ओटा आहे. गॅस गळला तर जाणार कुठे? नोटीस आली नसती तरी हे काढायला सांगितलं असतं. पावसाळ्यापुरतं गच्चीवरचं आच्छादन नियमावलीत तात्पुरत्या कामात येतं. भिंत घालून पत्रा टाकलेली बारमाही खोली त्यात येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: शेड आपणहून काढा, खोली आणि बाल्कनीसाठी अर्ज करा. तिन्ही एकाच प्रस्तावात रेटू नका. शेडच्या सामासिक अंतरावर प्रस्ताव अडकतो आणि बसणारी खोलीही त्याच्याबरोबर फेटाळली जाते.

शेड काढताना आधी गॅसची नळी आणि विजेचा पॉइंट बंद करा. हा पॉइंट बहुधा स्वयंपाकघरातून ओढलेला असतो आणि त्याला वेगळा एमसीबी नसतो. पत्रे वरून जे-हुक सोडवून उतरवा. अँगल ग्राइंडरने कापा. शेजाऱ्याच्या भिंतीत रुतलेलं टोक उपटायला गेलात तर त्यांचं प्लास्टर निघेल, म्हणून ते भिंतीच्या पातळीला कापून, भोक एकास तीन सिमेंट-वाळूत वॉटरप्रूफिंग मिसळून भरा. चार इंची भिंत वरून खाली थराथराने उतरवा, ढकलून पाडू नका. खाली चेंबरचं झाकण आहे. राडारोडा रस्त्यावर किंवा नाल्यात टाकला तर त्याचा दंड वेगळा. आधीचे आणि नंतरचे फोटो एकाच जागेवरून काढा आणि शेड काढल्याचं पत्र विभागीय कार्यालयात देऊन स्थळपाहणीची विनंती करा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

अर्जाकडे वळू. तो परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्याच्या लॉगिनमधून ऑनलाइनच जातो. पहिलं काम मंजूर नकाशाची प्रत. तुमच्याकडे नसेल तर नगररचना विभागाकडे नकलेचा अर्ज करा. माहिती अधिकाराची वाटही आहे, दहा रुपयांचा अर्ज, पण त्याला तीस दिवस लागू शकतात आणि तुमच्याकडे एकवीस आहेत. तेव्हा दोन्ही एकाच दिवशी करा आणि दरम्यान पूर्णत्वाच्या दाखल्याच्या क्रमांकावर आर्किटेक्टला मोजणी सुरू करायला लावा. खरेदीखत, सातबारा किंवा मिळकतपत्रिका, मंजूर लेआउट, घरपट्टीची पावती लागेलच. गच्चीवरच्या खोलीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा स्थैर्य दाखला लागेल.

इथे रो-हाउसवाल्यांचा एक नेहमीचा खड्डा आहे, म्हणून तुमचं खरेदीखत पुन्हा वाचा. १२६ चौरस मीटरचा प्लॉट तुमच्या एकट्याच्या नावावर आहे, की डीड ऑफ अपार्टमेंट होऊन जमिनीत तुमचा अविभक्त हिस्सा आहे? नाशिकमध्ये एका सर्व्हे नंबरवर आठ-दहा रो-हाउस बांधून अपार्टमेंट नोंदवलेली खूप आहेत. तसं असेल तर वरचा सगळा हिशेब पूर्ण भूखंडावर मांडावा लागतो, शिल्लक एफएसआय सगळ्यांचा असतो आणि बाकीच्यांची लेखी संमती लागते. मग ज्या शेजाऱ्यांवर तुम्ही रागावला आहात त्यांची सही तुम्हाला हवी असेल.

खर्चाची शीर्षकं आधी लिहून घ्या: छाननी शुल्क, विकास शुल्क, अँसिलरीचा प्रीमियम, तडजोड शुल्क. प्रीमियम बाजारमूल्य दर तक्त्यातल्या (रेडी रेकनर) तुमच्या भागाच्या जमीनदरावर निघतो, त्यामुळे ओळखीच्या कुणाला पंचवटीत किती आला यावरून तुमचा अंदाज बांधू नका. बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार उपकर असतो, पण स्वतः राहण्यासाठी बांधलेलं आणि खर्च ठरावीक मर्यादेच्या आत असलेलं घर त्यातून वगळलेलं आहे. ते विचारून घ्या. या प्रत्येक शीर्षकाचं चलन निघतं. एजंटाच्या आकड्याचं निघत नाही, आणि त्याने खरोखर 'मिटवलं' तरी नोटीस फाइलमध्ये तशीच राहते. पुढचा अधिकारी आला, किंवा कुंभमेळ्याच्या तयारीत शहरभर मोहीम निघाली, की तीच फाइल पुन्हा उघडते. आर्किटेक्टची फी ही वेगळी गोष्ट, ती द्यावीच लागेल. पण कामाचे टप्पे पाडून, पावतीवर.

प्रस्ताव फेटाळला गेला तर कारण लेखी मागा. एमआरटीपी कायद्याच्या कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. बहुतेकदा फेटाळणीचं कारण दुरुस्त होण्यासारखं असतं: नकाशाचे लेयर चुकलेले, रस्त्याची रुंदी लेआउटप्रमाणे न दाखवलेली, सहमालकाची सही राहिलेली.

मुलाच्या मजल्याचा विचार सध्या थांबवा. खोली पूर्ण मजल्याइतकी म्हणजे ४८ चौरस मीटर करायची तर आणखी २० हवेत. कडक हिशेबात ३३ वजा जाऊन १२.७६ उरतात. सैल हिशेबात बसेल, पण तो तुमच्या घराला लागू होतो हे आर्किटेक्टकडून छाननीच्या शेऱ्यासह लेखी घेतल्याशिवाय एक वीट आणू नका. नोटीस चालू असताना नवं काम सुरू केलं तर कलम ५४ खाली काम थांबवण्याची नोटीस वेगळी येईल.

शिवाय एफएसआय मिळाला म्हणून घर पेलेलच असं नाही. २००४ च्या रो-हाउसचे कॉलम बहुधा नऊ इंची, २३० मिलिमीटरचे असतात. भूकंपरोधक तपशिलांच्या भारतीय मानकात, आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत, कॉलमची किमान बाजू ३०० मिलिमीटर आहे. म्हणून इंजिनिअरला नुसता दाखला मागू नका. काँक्रीटची ताकद बघणारी रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी, एका कॉलमचं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) उघडून सळईचा गंज, आणि पायाजवळ एक खड्डा घेऊन फूटिंगचं (कॉलमखालच्या पायाच्या तळाचं) माप, एवढं करायला सांगा. काळ्या मातीवर पाया असेल तर हा खड्डा टाळूच नका. आजची एक खोली पेलणं निराळं, पूर्ण मजला निराळा.

रस्ता नऊ मीटर करून घेण्याचीही एक वाट गल्लीतले लोक सुचवतील. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा ठरवून दोन्ही बाजूंनी जागा सोडायची. साडेसातचे नऊ करायला प्रत्येकी पाऊण मीटर. मोकळ्या प्लॉटवाल्यांना ते परवडतं. बांधलेल्या रो-हाउसचं पुढचं सामासिक अंतर त्यात पाऊण मीटरने कमी होतं, आणि सगळी गल्ली तयार झाली तरच त्याचा उपयोग.

तुमच्यासारखीच नोटीस आलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. गोदावरी, नासर्डी, वाघाडी, वालदेवीच्या काठच्यांनी एफएसआयच्या आधी पूररेषेचा नकाशा बघावा (निळी रेषा वरचेवर येणाऱ्या पुराची, लाल क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची): निळ्या रेषेच्या आतलं वाढीव बांधकाम नियमित करून मिळण्याची आशा धरू नये, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या वर किमान ०.४५ मीटर लागते. आणि सिडकोच्या योजनांमधलं ज्यांचं घर अजून भाडेपट्ट्यावर आहे, त्यांनी सिडकोची ना-हरकत कुठल्या टप्प्यावर लागेल हे आर्किटेक्टला पहिल्याच भेटीत विचारावं.

परवानगी मिळाली, ताई, की सुधारित पूर्णत्वाचा दाखला घ्यायला विसरू नका. नुसत्या परवानगीवर फाइल बंद होत नाही. मग त्याची प्रत आणि शेड काढल्याच्या स्थळपाहणीचा अहवाल जोडून घरपट्टी विभागात फेरआकारणीचा अर्ज द्या. शास्ती लागलेली असेल तर ती आपोआप निघत नाही. अर्ज आला नाही तर पुढच्या वर्षीच्या बिलावरही ती तशीच छापून येईल.